‘कार्ने नको’ एवढ्यानं भागत नाही

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत क्लिफ्टनला राहतो. सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही खात नाहीत. सासरे कोंबडी आणि मासे खातात, पण गाय-डुक्कर नाही. गेल्या महिन्यात आम्ही जवळच्याच एका कोलंबियन खानावळीत गेलो. मी ‘विदाउट मीट’ सांगून भात आणि राजम्यासारखी उसळ मागवली. चार घास झाल्यावर सासूबाईंच्या चमच्यात डुकराच्या कातडीचा तुकडा आला. त्यांनी ताट सरकवलं, घरी येऊन आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी उपास केला. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आता शेजारच्या, मूळच्या पेरू देशातल्या आजींनी आम्हा सगळ्यांना जुलैच्या शेवटच्या रविवारी पॅटरसनमधल्या त्यांच्या आवडत्या चिकनच्या हॉटेलात बोलावलंय. त्यांचा स्वातंत्र्यदिन त्याच सुमारास असतो. त्यांची नात आणि माझी मुलगी जिवलग मैत्रिणी आहेत. नवरा म्हणतो, काहीतरी कारण सांगून टाळ. सासूबाई म्हणतात, ‘तुम्ही जा, मी थांबते घरी.’ काय करू?
— एक सून, क्लिफ्टन

उत्तर:

जा. सगळे जा, आणि सासूबाईंना घरी ठेवून नाही, सोबत घेऊन जा. फक्त त्याआधी आजींच्या दारात पाच मिनिटं उभं राहून बोला. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. उरलेलं निम्मं, तिथे ताटात काय काय येतं ते आधीच माहीत असण्यात आहे. दोन्ही सविस्तर सांगते, कारण पत्र वाचल्यापासून तो चमचा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आधी त्या दिवसाचं. तुम्हाला त्या तुकड्यापेक्षा सासूबाईंचं गप्प राहणं जास्त लागलंय, हे पत्रातून कळतं. म्हणून पहिलं काम घरातलं. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, ‘आई, त्या दिवशी मी नीट विचारलं नाही. आता कसं विचारायचं ते शिकून घेतलंय.’ ‘इथे असंच असतं’ किंवा ‘मला काय माहीत’ असलं काही त्याला जोडू नका. ज्या बाईनं साठ-सत्तर वर्षं एक नेम पाळला, तिच्या दृष्टीनं त्या दिवशी फार मोठी गोष्ट घडली. ती मोठी होती हे आपल्या माणसानं मान्य केलं, की पुढचं सोपं जातं.

आता चूक कुठे झाली ते बघू. कोलंबियन पद्धतीच्या घेवड्यात, म्हणजे ‘फ्रिहोलेस’मध्ये, डुकराचा पाय किंवा कातडी घालून शिजवणं ही तिथली घरगुती रीत आहे. उसळ दाट होते, चव येते. आपण डाळीला हिंग घालतो तितक्या सहजपणे ते घालतात, आणि ‘मीट’ म्हणून ते मोजत नाहीत. म्हणजे तुम्हाला कुणी फसवलं नाही. तुम्ही ताटातलं मांस नको म्हणालात, त्यांनी ताटात मांस ठेवलं नाही. पातेल्यात काय होतं ते तुम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

हाच घोळ स्पॅनिशमध्ये ‘कार्ने’ या शब्दापाशी होतो. शब्दकोशात कार्ने म्हणजे मांस. पण खानावळीच्या काउंटरवर कार्ने म्हणजे बहुतेक वेळा गाईचं मांस. कोंबडी म्हणजे पोयो, मासा म्हणजे पेस्कादो, हॅम म्हणजे हामोन. आपल्याकडे एखादा ‘मटण नको’ म्हणाला आणि वाढणाऱ्यानं त्याच्यासमोर कोंबडीचा रस्सा ठेवला, तर वाढणारा चुकला असं म्हणता येईल का?

मी पेरूच्या राजधानीत, लिमात, राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मला हा धडा मिळाला. घराजवळ एक छोटीशी खानावळ होती. अशा आडबाजूच्या, चव असलेल्या जागेला तिथे ‘वारीके’ म्हणतात. दुपारी ठरलेलं जेवण मिळायचं: आधी सूप किंवा एखादा थंड पदार्थ, मग भाताबरोबर मुख्य पदार्थ, आणि पेलाभर सरबत. या सगळ्याला मिळून ‘मेनू’ म्हणतात. मी ‘सिन कार्ने’ म्हणाले, म्हणजे कार्ने नको. किनवाचं सूप आलं. तळाशी कोंबडीचा पाय होता. मी मालकीणबाईंना दाखवला. त्या मनापासून गोंधळल्या आणि म्हणाल्या, ‘पण यात कार्ने नाहीच, हे तर कोंबडीचं आहे.’ मग मी एकेक नाव घेऊन काय काय खात नाही ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, वाटी उचलून घेतली आणि दहा मिनिटांत भात, तळलेली केळी आणि कांदा-लिंबाची कोशिंबीर घेऊन आल्या. त्यानंतर मी जितके दिवस तिथे जेवले, तितके दिवस त्या मला पाहिलं की पातेल्यात डाव फिरवून ‘हे चालेल’ किंवा ‘हे तुझं नाही’ असं लांबूनच सांगायच्या.

म्हणून नावं घ्या. एकूण एक. हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवा: ‘एया एस वेहेतारियाना. नो कोमे कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी वेवो.’ म्हणजे, या शाकाहारी आहेत. गोमांस, कोंबडी, मासा, हॅम, अंडं काहीही खात नाहीत. त्यानंतर दोन प्रश्न. ‘येवा मान्तेका?’ म्हणजे यात डुकराची चरबी आहे का. आणि ‘एल काल्दो एस दे पोयो?’ म्हणजे सूपचं पाणी कोंबडीचं आहे का. पॅटरसनमध्ये इंग्रजीही चालेल, पण इंग्रजीतही हेच करा. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका, नावं घ्या. एक फरक लक्षात ठेवा. अर्जेंटिनाच्या हॉटेलात मान्तेका म्हणजे लोणी. तिथे चरबीला ‘ग्रासा’ म्हणतात, आणि त्यांच्या एम्पानादांच्या, म्हणजे करंजीसारख्या पदार्थाच्या, पारीत ती पारंपरिक पद्धतीनं असतेच. आत पालक आणि चीज असलं तरी पारी विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका.

आता आजी. त्यांना कारण सांगून टाळलंत तर त्यांना कळेल. शेजारच्या बाईला असं सगळं कळतं, मग ती पेरूची असो की पेठेतली. आणि सासूबाई तिथे येऊन नुसतं पाणी पीत बसल्या, तर आजींना ते प्रश्न विचारण्यापेक्षा कितीतरी जास्त लागेल. म्हणून आधीच सांगा: ‘आम्ही सगळे येतोय. आमच्या आई अमुक अमुक खात नाहीत. तिथे त्यांच्यासाठी काय मागवता येईल ते तुम्हीच सांगा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यानं तुम्ही आजींच्या हातात काम देता. आवडतं हॉटेल म्हणजे त्या तिथे वर्षानुवर्षं जाणार, वाढणाऱ्या मुलीला ओळखणार. पेरूत नेहमीचं गिऱ्हाईक दुकानदाराला ‘कासेरो’ किंवा ‘कासेरा’ म्हणतं आणि दुकानदारही गिऱ्हाइकाला त्याच नावानं हाक मारतो. मंडईत आपली ठरलेली भाजीवाली असते ना, तसं. ती वर चार काड्या कोथिंबीर टाकते, त्या ‘वरच्या’ला तिकडे ‘यापा’ म्हणतात. या नात्यातून आजींनी एक प्रश्न विचारला, तर स्वयंपाकघरातून जे खरं उत्तर मिळेल ते तुम्हाला-मला दहा प्रश्नांनी मिळणार नाही.

पॅटरसनची थोडी ओळख सासऱ्यांना करून द्या, त्यांना गोडी वाटेल. हे रेशमाच्या गिरण्यांचं गाव, ‘सिल्क सिटी’ म्हणूनच ओळखलं जायचं. सांगलीच्या माणसाला इचलकरंजी माहीत असते, त्यामुळे गिरणगाव म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. आज इथे पेरूच्या लोकांची इतकी मोठी वस्ती आहे की पेरू सरकारची वकिलातीची कचेरी याच गावात आहे. जेवणाआधी तासभर काढून पसेइक नदीचा धबधबा दाखवा. गिरण्या त्याच पाण्यावर उभ्या राहिल्या.

ज्या हॉटेलात तुम्ही जाणार, त्याला ‘पोयेरिया’ म्हणतात. दार उघडलं की पहिल्यांदा धूर आणि जिऱ्याचा वास येतो. हो, जिऱ्याचा. कोंबडीला लावलेल्या मसाल्यात जिरं, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, लाल ‘आही पांका’ मिरची असं सगळं असतं. भट्टीत कोळशाच्या धगीवर सळ्यांच्या रांगा फिरत असतात, एकेका सळीवर कोंबड्या ओवलेल्या, आणि त्या स्वतःभोवती फिरता फिरता भट्टीतही गोल फिरतात. हे यंत्र आणि हा पदार्थ 1950च्या सुमारास लिमाबाहेरच्या सांता क्लारा भागात जन्मला. रॉजर शूलर नावाच्या स्विस गृहस्थांनी कोंबडी भाजायला सुरुवात केली आणि फ्रान्झ उलरिख यांनी ती फिरवणारं यंत्र बनवून दिलं. तेव्हा तिला नुसतं मीठ लावायचे, मसाला पुढे आला. आज पेरूत जुलैचा तिसरा रविवार ‘पोयो आ ला ब्रासा’चा दिवस म्हणून पाळतात. काउंटरमागे मोठा सुरा घेतलेला माणूस उभा असतो. तो चार-पाच घावांत कोंबडीचे भाग पाडतो.

सासऱ्यांचं काम इथे सोपं आहे. पाव, अर्धी की पूर्ण, एवढंच विचारतात. पाव मागितली तर ‘पेचो की पिएर्ना’, म्हणजे छातीचा भाग की तंगडी, असं विचारतील. पाच-सहा माणसांत एक पूर्ण कोंबडी पुष्कळ होते, कारण तिच्याबरोबर बटाट्याच्या काड्यांचा डोंगर आणि सॅलड येतं. सासऱ्यांसाठी दोन नावं मात्र पाठ करा. ‘लोमो साल्तादो’ म्हणजे गोमांस. कांदा-टोमॅटोबरोबर मोठ्या आचेवर परतलेलं असतं, दिसायला फार छान, आणि शेजारच्या टेबलावर हमखास असतं. त्याच पद्धतीचं ‘पोयो साल्तादो’ कोंबडीचं मिळतं, ते मागवा. दुसरं ‘आंतिकुचो’. काडीवर भाजलेले तुकडे दिसतात, ते गाईच्या हृदयाचे असतात. आजी प्रेमानं एक काडी पुढे करतील. सासऱ्यांनी हात छातीशी नेऊन हसून नाही म्हटलं तरी पुरे.

सासूबाईंसाठी पहिलं मागवा ‘पापा आ ला वांकाईना’. उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या, त्यांवर पिवळाधमक दाट सॉस. तो ‘आही आमारीयो’ मिरची, ताजं पांढरं चीज, आटवलेलं दूध आणि खारी बिस्किटं वाटून करतात. या मिरचीच्या नावात पिवळा असला तरी पिकल्यावर ती केशरी दिसते. तिखटपणा बेताचा, आणि मागे फळासारखा मंद वास. वर अर्धं उकडलेलं अंडं आणि एक काळं ऑलिव्ह ठेवायची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच ‘सिन वेवो’ सांगा. नंतर अंडं काढून ताट पुढे सरकवणं सासूबाईंना चालणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. दुसरं ‘तायारिनेस वेर्देस’, म्हणजे हिरव्या सॉसमधल्या शेवया. इटलीहून पेरूत आलेल्या लोकांच्या बेझिल सॉसमध्ये तिथल्यांनी पालक आणि ताजं चीज घालून तो आपलासा केला. वर मांसाचा तुकडा ठेवून देण्याची रीत आहे, तो नको म्हणून आधीच सांगायचं. याशिवाय ‘युका फ्रिता’, म्हणजे युका नावाच्या कंदाचे तळलेले तुकडे, ताज्या अवोकाडोच्या फोडी, आणि लिंबू पिळलेला बारीक चिरलेला कांदा, त्याला ‘सार्सा’ म्हणतात. इतक्यात त्यांचं पोट भरेल.

टेबलावर बाटलीत हिरवा सॉस असतो, मिरची आणि ‘वाकाताय’ या पाल्याचा. मुलांना तो फार आवडतो. त्यात बऱ्याचदा मेयोनीज असतं, म्हणजे अंडं. सासूबाईंच्या ताटापासून तो दूर ठेवा. आणि तळणीचं तेल. बटाट्याच्या काड्या ज्या तेलात तळतात त्यातच सॉसेज तळलेलं असू शकतं. आजींना हेही विचारायला सांगा. तेल एकच असेल तर ते सासूबाईंना खरं सांगा आणि खायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. त्यांच्या वतीनं ‘एवढ्यानं काय होतंय’ हा निर्णय तुम्ही घेऊ नका. नाहीतर माझ्या या सगळ्या लिहिण्याचा काही उपयोग नाही.

या ताटाबद्दल त्यांना आधी घरी एक गोष्ट सांगा, आणि पोळ्या लाटताना सांगा, म्हणजे बोलणं रंगेल. त्यांच्या एकादशीच्या फराळात काय असतं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा, राजगिरा. बटाटा अँडीजच्या डोंगरातला. तिथे त्याच्या हजारो जाती आहेत, आणि 1971मध्ये स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र लिमात आहे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. रताळं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद म्हणजेच युका, मूळचा ब्राझीलकडचा. राजगिऱ्याचा सख्खा भाऊ पेरूत ‘किविचा’ म्हणून खातात, आणि त्याच्या लाह्या करतात. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या जहाजांतून यातलं बरंचसं गोव्याच्या किनाऱ्याला लागलं. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘अननस’ ही नावंही त्याच वाटेनं आली. सासूबाईंनी आयुष्यभर जे सोवळ्यात शिजवलं, ते या आजींच्या आजीच्या शेतातलं आहे. मी हे माझ्या आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हातातल्या साबुदाण्याकडे बघत बसली होती.

पिण्यासाठी ‘चिचा मोरादा’ मागवा. जांभळ्या मक्याची कणसं, अननसाची सालं, दालचिनी आणि लवंग उकळून, गाळून, गार करून त्यात लिंबू आणि साखर घालतात. रंग जांभळाच्या सरबतासारखा. दारू नाही. आंबवलेली असते ती ‘चिचा दे होरा’, वेगळी. सासूबाईंनी शंका काढलीच तर हे सांगता येईल. मुलींना इंका कोला हवा असेल. 1935पासूनचं हे पिवळं गोड पेय पेरूच्या लोकांच्या मनात घर करून बसलंय. एक बाटली मागवून दोघींत वाटून द्या, फार गोड असतं.

सासऱ्यांना मासे आवडतात म्हणून आजी कदाचित ‘सेविचे’ मागवतील. कच्चा मासा, लिंबाचा रस, मीठ, मिरची, कांदा. रसानं माशाचा रंग पांढरट होतो, पण तो चुलीवर शिजलेला नसतो, हे सासऱ्यांना आधी सांगा. सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. लिमात सेविचे दुपारचं खाणं आहे, रात्री मागवत नाहीत. तुम्हीही दुपारी जाणार असाल, तर त्यांनी एक घास घेऊन पाहावा. नाही आवडला तर बशीतला तो आंबट-तिखट रस, ‘लेचे दे तिग्रे’, चमच्यानं चाखावा. जेवण संपताना सोलकढीचा पेला हातात यावा तसं वाटतं. सासूबाईंसाठी मासा नसलेला सेविचे इक्वादोरच्या खानावळीत मिळतो. ‘चोचो’ नावाच्या, डाळवर्गातल्या चपट्या बियांचा, त्या भिजवून, उकडून कडवटपणा घालवलेल्या, टोमॅटो-कांदा-लिंबाबरोबर, वर भाजलेला मका. आपली भेळ करणाऱ्याला हा पदार्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि गोड. हॉटेलात ‘पिकारोनेस’ असतील तर ते मागवल्याशिवाय उठू नका. लिमात रस्त्याच्या कडेला मी तासन्‌तास हे बघत उभी राहिले आहे. लाल भोपळा आणि रताळं उकडून मळलेलं सैल पीठ, खमीर घालून फुगवलेलं. तळणारी बाई बोटं खारट पाण्यात बुडवते, पिठाचा गोळा उचलते, अंगठ्यानं मध्ये भोक पाडते आणि मनगटाला एक झटका देऊन कडं तेलात सोडते. आपण मेदूवडा सोडतो अगदी तसं. मग लांब काडीनं कडी फिरवते, काडीतच ओवून बाहेर काढते आणि वर पाक ओतते. तो पाक ‘चांकाका’चा. चांकाका म्हणजे गूळ, आपला उसाचाच गूळ. लवंग, दालचिनी आणि संत्र्याची साल घालून उकळतात. भोपळा, तळण, गूळ. सासूबाईंच्या तोंडून ‘अगं, हे तर घारगे’ असं निघालं तर मला कळवा. काही ठिकाणी पिठात अंडं घालतात, तेवढं विचारून घ्या.

बाकीच्या दक्षिण अमेरिकन खानावळींचंही सांगते, कारण सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा बाहेर पडणारच. त्या कोलंबियन खानावळीवर काट मारू नका. तिथे ‘आरेपा दे चोक्लो’ मागवा, ताज्या गोडसर मक्याची जाड भाकरी, वर चीज. भाजताना तव्याला काय लावतात तेवढं विचारा. सकाळी गेलात तर ‘पान दे बोनो’, युकाचं पीठ आणि चीज घातलेला गरम पाव (यातही बऱ्याचदा अंडं असतं, विचारून घ्या), आणि ‘आग्वापानेला’, म्हणजे चक्क गुळाचं पाणी. उन्हातून आलेल्याला आपण गूळ-पाणी द्यायचो, ते इथे पेल्यात मिळतं. व्हेनेझुएलाच्या ठिकाणी ‘काचापा’, मक्याचं गोड धिरडं, आत चीज. त्यांच्या काळ्या घेवड्याच्या आरेपालाही पुष्कळदा मांस लागलेलं नसतं, पण आता तुम्ही पातेल्याचं विचारल्याशिवाय राहणार नाही. ब्राझीलच्या दुकानात चीजचा छोटा गोल पाव मिळतो, ‘पाँव दे केजू’. आपला ‘पाव’ हा शब्द त्याच पोर्तुगीज ‘पाँव’वरून आलाय. त्यात अंडं असतं, म्हणून तो तुमच्यासाठी, सासूबाईंसाठी नाही. कधी क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला डाळ-तांदूळ भरायला गेलात, तर 74व्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानांपासून रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर चार पावलं चाला. सात नंबरच्या आगगाडीच्या पुलाखाली हे सगळं एका रांगेत सापडतं.

शेवटी पैशांचं, कारण तिथे नेमकी ओढाताण होते. आजी ‘यो इन्वितो’ म्हणाल्या असतील तर त्याचा अर्थ नुसतं ‘या’ असा नाही. त्याचा अर्थ बिल त्यांचं. तुमच्या नवऱ्यानं काउंटरवर पाकीट काढून झटापट करू नये. फार वाटलं तर वाढणाऱ्या मुलीसाठी टेबलावर टिप तुम्ही ठेवा, इथल्या रीतीप्रमाणे पंधरा-वीस टक्के, आणि आजींना आधी सांगून. बिल अशा ठिकाणी बहुधा मागितल्यावरच येतं, म्हणून जेवण झाल्यावर बसून राहण्यात अवघडण्यासारखं काही नाही. उठून जाताना शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस ‘प्रोवेचो’, म्हणजे जेवण अंगी लागो, असं म्हणून जाईल. मान हलवून ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणा.

त्यांच्या बिलाची परतफेड घरी करा. पुढच्या रविवारी आजींना आणि नातीला बोलवा, आणि त्या दिवशी घारगे सासूबाईंनीच करावेत. अमेरिकन बाजारात आपल्या लाल भोपळ्याला जवळचा म्हणून ‘कबोचा’ घ्या, पाणी कमी सुटतं. आणि कोलंबियन दुकानात ‘पानेला’ नावाची गुळाची ढेप मिळते, ती घेऊन ठेवा. आजींना स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहू द्या, ढेप त्यांना किसायला द्या.